एल्कसाठी निवडलेली गोळी

रीडिंग,
नोव्हेंबर २००७

अहो,

कोलोरॅडोहून परत येऊन दोन आठवडे झाले. मुक्ताला सगळं सांगून झालं, शेजारच्या मार्गारेटला झालं, मंडळाच्या दिवाळीत भेटलेल्या प्रत्येकाला झालं. सगळ्यांनी विचारलं, थंडी फार होती का, डोंगर कसे होते, या वयात भीती नाही वाटली का. एकानंही विचारलं नाही की अंतर किती होतं, गोळी कुठे लागली आणि आत जाऊन तिनं काय केलं. हे प्रश्न विचारणारा माणूस या घरात एकच होता. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. लग्नानंतर तुम्ही आधी इंग्लंडला आलात तेव्हाही मी अमरावतीहून लिहायचे ते सासूबाईंच्या पत्राखाली दोन ओळी, तुम्हाला मोजे मिळाले का एवढंच. त्यामुळे आता काही अघळपघळ झालं तर सांभाळून घ्या.

हे सगळं सुरू केलं तुमच्या वसंतानं. नागपूरच्या मेडिकलला तुम्ही दोघं एनसीसीच्या रायफल टीममध्ये होतात, तो पुढे अमेरिकेत हाडांचा डॉक्टर झाला, तुम्ही इथे भूल देणारे डॉक्टर झालात, आणि तीस वर्षं दर रविवारी संध्याकाळी फोनवर एकमेकांना शिव्या देत राहिलात. गेल्या वर्षीच्या जानेवारीतला तो फोन मला आठवतो. तुम्ही स्पीकरवर टाकला होता, मी भाजी निवडत होते.

"काय करून राहिला बे श्री? अजून त्या इंग्लंडातल्या शेळ्याच मारतो का?"

"शेळ्या नाहीत रे, फॅलो हरणं आहेत."

"तेच ते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात इकडे ये. वहिनींना घेऊन ये. एल्क दाखवतो. तुमच्या स्कॉटलंडच्या लाल हरणाचा थोरला भाऊ समज. वजनाला दोन-तीन म्हशीच्या पारड्यांएवढा. आणि मोठी रायफल घे, मॅग्नम. त्या तुझ्या थ्री-नॉट-एटनं खाजवल्यासारखं होईल त्याला."

त्या रात्रीपासून जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय राहिला नाही. तुम्ही कॅटलॉग मागवलेत, इंटरनेटवर अमेरिकन माणसांची काडतुसांवरची भांडणं वाचायला लागलात. एक म्हणायचा टू-सेव्हन्टी पुरे, दुसरा म्हणायचा थर्टी-ऑट-सिक्सच्या खाली बोलूच नका, तिसरा मॅग्नमशिवाय घराबाहेर पडायला तयार नव्हता. मी विचारलं, "यांच्यातल्या कुणी कुणाचं ऐकलंय का कधी?" तुम्ही म्हणालात, "ऐकायचं नसतं सुनंदा, वाचायचं असतं."

आणि माझी रायफल? तिचं तर नावही त्या चर्चेत नव्हतं. माझी सिक्स पॉइंट फाइव्ह, स्वीडिश काडतुसाची, तुमच्यापेक्षा हलकी, धक्का कमी. तुम्ही रेंजवर सगळ्यांसमोर तिला 'लेडीज सायकल' म्हणायचात. मी हसायचे. पण आता सांगते, दर वेळी हसू येत नव्हतं.

मॅग्नम आली. खास डावखुऱ्या माणसाची, बोल्ट डाव्या बाजूला. पोलिसांकडून परवान्याच्या सर्टिफिकेटवर चढवून घेण्यात उन्हाळा आला. पहिल्या दिवशी रेंजवर तुम्ही पाच गोळ्या झाडल्यात आणि उठून म्हणालात, "काही नाही, थोडी ढकलते." संध्याकाळी शर्ट काढलात तेव्हा डाव्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग होता. मी शाळेत पोरांना न्यूटनचा तिसरा नियम शिकवते हो. गोळीला पुढे जेवढा रेटा मिळतो तेवढाच तुम्हाला मागे मिळणार, यात मी डॉक्टरला काय समजावणार?

पण डागापेक्षा मला दुसरंच काही दिसलं होतं. कागदावर तुमचा नेम कधी असा पसरत नसे. म्हणून पुढच्या खेपेला तुमचं लक्ष नसताना मी मॅग्नममध्ये दारू नसलेलं खोटं काडतूस घातलं. तुम्ही चाप दाबलात. नुसतंच टक् झालं, आणि तरी नळी एकदम खाली गेली, तुमचे डोळे घट्ट मिटलेले. रायफलनं धक्का दिलाच नव्हता. तुम्ही तो आधीच खाल्ला होता.

"हे काय केलंस?" तुम्ही विचारलंत.

"तुम्ही धक्क्याला घाबरताय. नेम धरायच्या आधीच शरीर आवरून घेताय."

"चाळीस वर्षं नेमबाजी करतोय मी."

"म्हणूनच दाखवलं."

घरी येईपर्यंत एम-फोर हायवेवर एक शब्द बोलला नाहीत. जेवलात मात्र नीट. रात्री मला म्हणालात, "सवय होईल." सवय झालीही असती कदाचित. ती वेळच आली नाही.

सप्टेंबरात आपण दरवर्षीसारखे स्कॉटलंडला गेलो. त्या चढावर तुम्ही एका दगडावर बसलात आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिलात. मी पुढे होते. वळून विचारलं, "काय झालं?" तर म्हणालात, "नाडी सुटली." तुम्हाला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती ना? हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही तुमच्याकडून नाही. तुम्ही ऑपरेशन थिएटरच्या बाहेर कोसळलात, हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते, आणि हॉस्पिटलमध्येच असल्यामुळे वाचलात. त्याच संध्याकाळी डाव्या छातीवर, कॉलरच्या हाडाखाली पेसमेकर बसवला गेला. घाईत कुणी विचारलं नाही की हा माणूस रायफल कुठल्या खांद्याला लावतो. आणि तुम्ही सांगायच्या स्थितीत नव्हतात.

घरी आल्यावर मात्र सांगू शकला असतात. पेसमेकरच्या क्लिनिकमधल्या नर्सनं तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, त्या खांद्यावर दणका नको, तार तुटू शकते. तुम्ही ते आधी वसंताला फोनवर सांगितलंत आणि मला नंतर, आमटीत पाणी जास्त झालंय हे सांगावं तशा आवाजात. मी तुमची बायको होते. आधी मला नव्हतं का सांगायचं?

मग एक महिना तुम्ही रायफलचं नाव काढलं नाही. कॅटलॉग पेपरांच्या ढिगात गेले. मला ते बघवत नव्हतं, खरं सांगते. तुम्ही टीव्हीवर बागकामाचे कार्यक्रम बघायला लागलात. तुम्हाला बागकामाची कधी आवड होती?

ईव्हा आठवते तुम्हाला? तुमच्या खांद्याला व्यायाम द्यायला यायची ती स्वीडिश फिजिओ. तुम्ही सहज तिला एल्कबद्दल सांगितलंत आणि तिनं मान डोलावली. "माझे वडील दर शरद ऋतूत एल्क मारतात. आजोबाही मारायचे."

"कुठल्या रायफलनं?" तुम्ही विचारलंत. एक महिन्यानंतर पहिल्यांदा तुमच्या आवाजात धार आली होती.

"सगळे वापरतात ती. सिक्स पॉइंट फाइव्ह."

मी चहा ओतत होते, किटली तशीच धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांचा फोटो आणला. त्यातला प्राणी पाहिल्यावर तुमचा चेहरा उजळला. "अगं, हा तर मूस. युरोपात यालाच एल्क म्हणतात. आपला तो वेगळा."

"हा आपल्या एल्कपेक्षा लहान आहे का?" मी विचारलं.

तुम्ही फोटो बराच वेळ बघितलात. लांब पाय, खांद्यावर उंचवटा, शेजारी उभे असलेले ईव्हाचे वडील त्याच्यापुढे शाळकरी वाटत होते. "नाही," तुम्ही म्हणालात. "मोठाच आहे." मग ईव्हा गेल्यावर, टेबलावरचे बिस्किटांचे कण बोटानं गोळा करत, माझ्याकडे न बघता विचारलंत, "सुनंदा, तुझी रायफल मला वापरायला देशील?"

त्या दिवशी मी 'लेडीज सायकल' म्हणून तुम्हाला चिडवायला हवं होतं. सुचलंच नाही.

पण हलकी झाली तरी रायफल ती रायफलच. डाव्या खांद्याला लावून चालणार नव्हतं. म्हणून साठीच्या उंबरठ्यावर तुम्ही उजव्या खांद्यावरून शिकायला बसलात आणि शिकवायला मी. तुमचा पक्का डोळा डावा. म्हणून चष्म्याच्या डाव्या काचेवर मी चिकटपट्टी लावली. पहिल्या दिवशी तुम्हाला रायफलवरच्या दुर्बिणीत काळं वर्तुळच दिसत राहिलं. दुसऱ्या दिवशी गाल चुकीच्या जागी टेकत होता. रेंजवरची ओळखीची माणसं येऊन जायची, तुम्ही पोलीस भरतीला आलेल्या पोरासारखे पालथे पडलेले, आणि मी वर उभी राहून म्हणायचे, "श्वास सोडा. अर्धा. आता थांबा. चाप ओढू नका, हळू दाबा."

एकदा तुम्ही वैतागून म्हणालात, "मी आयुष्यभर माणसांना श्वास कसा घ्यायचा ते सांगितलंय."

"त्यांना भूल दिलेली होती. ती उलट बोलत नव्हती."

तुम्ही रायफलवर कपाळ टेकून हसलात. अहो, त्या थंडीतल्या शनिवारांएवढं सुख मला आपल्या संसारात क्वचित मिळालं असेल. फेब्रुवारीत तुमच्या गोळ्या चहाच्या बशीत मावतील एवढ्या जवळजवळ पडायला लागल्या. उजव्या खांद्यावरून.

रायफल ठरली, काडतूस ठरलं. मग तुम्हाला हुरूप आला तो गोळीचा. तुम्ही मुक्ताला समजावून सांगत होतात ते मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. "लोक काडतुसावरून भांडतात. पण काडतूस म्हणजे पितळेची नळी आणि दारू. ती इथेच राहते. जनावरापर्यंत पोचते फक्त गोळी. ती फार लवकर फुटली तर कातडीखालीच तुकडे होतात, जनावर जखमी होऊन पळतं. उघडलीच नाही तर सुईसारखी आरपार जाते, तरी ते पळतंच. ती आत जाऊन उघडली पाहिजे आणि तरी एकसंध राहिली पाहिजे."

"बाबा, पण तुझा बंदूक लहान आहे ना आता?" मुक्तानं विचारलं. तिचं मराठी लिंग दुरुस्त करायचं आपण केव्हाच सोडलं होतं.

"म्हणून तर गोळी चांगली हवी."

तीन प्रकार आणलेत. एक साधी, मऊ शिशाच्या टोकाची. दुसरी, जिच्यात शिसं आणि तांब्याचं आवरण एकमेकांना सांधलेलं असतं. तिसरी, अख्खी तांब्याची. आणि मग सगळ्या गल्लीतून जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या गोळा केल्यात. मार्गारेटनं विचारलं, डॉक्टरांना एवढे कुणाला फोन करायचे आहेत? मुक्ता वीकेंडला आली तर बाथटबमध्ये तीसेक डिरेक्टऱ्या भिजत पडलेल्या. ओल्या कागदात गोळी कशी शिरते ते बघायचं होतं तुम्हाला. हॅम्पशायरमधल्या ज्या शेतकऱ्याकडे आपण फॅलो हरणं मारायचो त्याच्या खडूच्या खाणीत त्या रचून तुम्ही उजव्या खांद्यावरून गोळ्या झाडल्यात आणि आपण दोघं गुडघ्यांवर बसून कागदाच्या लगद्यात गोळ्या शोधत राहिलो.

त्या मोजायच्या कुठे? किचनच्या काट्यावर त्यांचं वजन कळेना. तुम्ही मला गाडीत घालून हाउन्सलोला नेलंत, मुक्ताच्या बांगड्या ज्यांनी घडवल्या त्या सोनारांकडे. तुम्ही रुमाल उघडलात. त्यांनी चिमट्यानं एक चेपलेली गोळी उचलली, भिंग लावलं.

"डॉक्टरसाहब, ये कौन सा गहना है?"

"वजन करना है," तुम्ही गंभीरपणे म्हणालात. "घडाई अच्छी है कि नहीं, देखना है."

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे जवळपास अर्धी गुंज, हे तुम्ही त्यांना सांगितल्यावर ते एकदम आपल्यातले झाले. एकशे चाळीस ग्रेनची, म्हणजे नऊ ग्रॅमची गोळी. साधी होती ती निम्म्याहून थोडी जास्त उरली होती, बाकीची कागदात भुगा झाली. सांधलेली आठाच्या वर. तांब्याची जवळपास होती तेवढीच. मला तांब्याची आवडली. तुम्हाला सांधलेली, कारण लांबून झाडल्यावर तांब्याची नीट उघडली नव्हती.

"आपण लांबून मारणारच नाही," मी परतताना गाडीत म्हणाले. "दोनशे यार्डांच्या पुढे ही रायफल उचलायचीच नाही."

"आणि चुकून लांब निघालं तर?"

"चुकून कसं निघेल? चाप आपल्याच बोटाखाली असतो."

दोनशे यार्ड तुम्ही कबूल केलेत. गोळीच्या बाबतीत मी माघार घेतली. सांधलेली, एकशे चाळीस ग्रेन. तुम्ही दोन डब्या घेतल्यात आणि कपाटात कुलूप लावून ठेवल्यात.

मार्चमध्ये एका सकाळी तुम्ही चहाचा कप घेऊन मागच्या काचेच्या खोलीत बसलात. मी मशीन लावून आले तर कप भरलेलाच होता. पेसमेकर आपलं काम करत होता म्हणे, पण हृदयानं त्याचं ऐकलं नाही. तुम्हाला वेदना झाल्या नसाव्यात असं सगळे म्हणाले. भूल देणाऱ्या माणसाबद्दल असं बोलताना त्यांना बरं वाटत होतं.

अंत्यसंस्कारवाल्या माणसानं हळू आवाजात सांगितलं, दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, मी सही देईन का. मी सही केली. आणि त्या क्षणी मनात काय आलं माहीत आहे? आता डावा खांदा मोकळा झाला. किती वेडा विचार. पण आला.

तुमच्या दोन्ही रायफली डीलरकडे दिल्या. माझी राहिली. तुमच्या डब्याही राहिल्या, कारण ते काडतूस माझ्या सर्टिफिकेटवर होतं.

मे महिन्यात वसंताचा फोन आला. तुम्ही गेल्यावरही दर रविवारी त्याच वेळेला यायचा तसाच. कितीतरी वेळ तो हवापाण्याचंच बोलत होता. मग म्हणाला, "वहिनी, शिकारीचं लायसन्स तुमचं पण काढलेलं आहे. परत नाही करत मी. तुम्ही या नाहीतर नका येऊ."

मी तीन महिने उत्तर दिलं नाही. मग एका शनिवारी सवयीनं रेंजवर गेले, रायफल लावली आणि लक्षात आलं की मी श्वास अर्धा सोडून थांबलेय आणि कुणी काही बोलत नाहीये. तेवढ्यात ठरलं, जायचं.

हीथ्रोला मुक्ता सोडायला आली. रायफलच्या पेटीचे कागद दाखवण्यात अर्धा तास गेला. "आई, आर यू शुअर? तू एकटी... बाबाशिवाय?"

"बाबांसाठी नाही चाललेय," मी म्हणाले. "मला बघायचंय आमचं बरोबर होतं का."

तिनं मला घट्ट धरलं. "मग नीट मार," एवढंच बोलली. पोरीला तुमचीच जीभ आहे.

आता कोलोरॅडो. वसंता म्हातारा झालाय. टक्कल पडलंय, गुडघे कुरकुरतात, पण तोंड तसंच. लाकडी केबिनमध्ये पोचल्याबरोबर त्यानं माझी रायफल हातात घेतली, वजन करून पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, हे खेळणं ठेवा. माझी मॅग्नम घ्या."

"नको भाऊजी. मी हिलाच ओळखते."

तिथली हवा पातळ. पहिले दोन दिवस मला दहा पावलांवर थांबावं लागत होतं, आणि मी थांबत होते. नाडी सुटलीय असं एकदाही म्हणाले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दरीच्या पलीकडच्या उतारावर नर दिसला. शिंगं झाडाच्या फांद्यांसारखी, मान गडद, अंग वाळक्या गवताच्या रंगाचं. तो ओरडला तेव्हा मी दचकले. एवढ्या मोठ्या देहातून एखाद्या पोरानं पुंगी वाजवावी तसा बारीक, चिरत जाणारा आवाज.

वसंतानं अंतर मोजलं. "साडेतीनशे. आडवा उभा आहे. माझी घ्या वहिनी, हिनं होऊन जाईल."

मी माझ्याच रायफलीच्या दुर्बिणीतून बघत होते. नर अगदी स्थिर होता. मला तो हवा होता, खोटं कशाला बोलू? पण बोट चापाच्या बाहेरच राहिलं. मी रायफल खाली ठेवली.

"काहून?" वसंता कुजबुजला. "श्री असता तर मारला असता."

"ते असते तर मी त्यांनाही नाही म्हटलं असतं."

नर चरत चरत झाडीत गेला. वसंता केबिनपर्यंत माझ्याशी बोलला नाही. तुमच्या मित्राला राग आला की तो तुमच्यासारखाच नीट जेवतो, हे मला तेव्हा कळलं.

शेवटच्या दिवशी पहाटे आम्ही पांढऱ्या सालीच्या झाडांच्या रानात बसलो होतो. पिवळी पानं खाली ओली पडलेली, पायाचा आवाज येत नव्हता. माद्यांचा एक कळप वरून उतरला. मी एकेकीला बघत राहिले, कुणामागे पिल्लू आहे. सगळ्यात मागे एक वयस्क मादी एकटीच येत होती. तिच्यामागे कुणी नव्हतं. मी पुन्हा बघितलं, खरंच कुणी नव्हतं. शंभर यार्डांच्या आत आली, थांबली, कळपाकडे मान वळवली.

मी बसलेली, कोपर गुडघ्यावर, रायफल काठ्यांच्या आधाराला. श्वास सोडला. अर्धा. थांबले.

आवाजाच्या मागून तो दुसरा आवाज आला, ओल्या गादीवर काठी मारल्यासारखा. ती चार उड्या धावली, थांबली, जणू काही विसरलंय असं, आणि पाय दुमडून खाली बसली. मग आडवी झाली. वसंतानं माझ्या दंडावर हात ठेवला. "थांबा. घाई नको." आम्ही थांबलो. ती हलली नाही.

आता तुमचे प्रश्न. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात लागली. अलीकडची फासळी मोडली, दोन्ही फुफ्फुसांतून गेली आणि पलीकडच्या कातडीखाली थांबली. वसंतानं सुरीच्या टोकानं ती काढून माझ्या तळहातावर ठेवली. पुढचं टोक चारही बाजूंनी मागे वळलेलं, बुड जसंच्या तसं. एकसंध होती.

मी मादीच्या मानेवर हात ठेवला. ऊब होती. मला वाटलं होतं आपण रडू. नाही रडले. समाधान वाटलं आणि त्याच्याच खाली दुःख, दोन्ही एकाच वेळी, आणि मी कुठलंच ढकललं नाही.

रडला तो वसंता. एका ओंडक्यावर बसला, टोपी काढली आणि रडायला लागला. मला वाटलं तुमच्या आठवणीनं. तसं होतंच, पण आणखी काही होतं. "मी त्याले मोठी घे, मोठी घे म्हणत राहिलो वहिनी," तो म्हणाला. "त्याच्या छातीत बिघाड होता आणि मी त्याले धक्के खायला लावले. ती मॅग्नम त्यानं माझ्यापायी घेतली. रोज वाटते मले, त्याच्यानंच गेला तो."

सात महिने हा माणूस हे घेऊन जगत होता, आणि दर रविवारी मला फोन करून हवापाणी विचारत होता. मी त्याच्या शेजारी बसले.

"भाऊजी, तुम्ही डॉक्टर आहात. हृदयाचे ठोके अडायचा आजार खांद्यावरच्या दणक्यानं होतो का?"

"नाही होत."

"मग?"

"डॉक्टरले माहीत आहे. दोस्ताले नाही."

"मग दोस्ताला मी सांगते. तुमच्या फोननंतर ते एक वर्ष पोरासारखे जगले. पेसमेकर बसल्यावर दुसरा माणूस खुर्चीत बसला असता. हे उजव्या खांद्यावरून शिकले. तुम्ही बोलावलं नसतं तर शिकले असते का?"

त्यानं टोपी घातली आणि म्हणाला, "चला. मांस खराब होते." मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं राबलो.

त्याच्या गॅरेजमध्ये मांस कापताना एक गोष्ट दिसली, ती तुम्हाला सांगायलाच हवी. फासळीजवळच्या मांसात शिशाचे बारीक कण होते, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. तुमची गोळी चांगलीच होती, तिनं आपलं काम केलं. पण शिसं पोटात जायला नको म्हणून तेवढा तुकडा मी काढून टाकला आणि टाकताना मनात म्हटलं, तांब्याची असती तर हा टाकावा लागला नसता.

काल आपल्या शेतकऱ्याचा फोन आला. फॅलो हरणं फार झाली आहेत, या हिवाळ्यात येणार का म्हणून विचारत होता. हो म्हटलंय. तुमच्या डब्यांतली काडतुसं अजून थोडी आहेत, ती तिकडेच वापरीन.

आणि हे वचन. ती संपली की पुढची गोळी माझी मी निवडीन. तांब्याची. डिरेक्टऱ्या भिजवीन, खाणीत जाईन, गुडघ्यांवर बसून शोधीन. ती नीट उघडली नाही तर दुसरी बघीन. पण तुम्ही काय म्हणाला असतात ते मनात आणून माघार घेणार नाही.

रागवा हवं तर. जेवा मात्र नीट.

तुमची,
सुनंदा